धुराबद्दल गॅरी गप्प का होतं

अमेरिकेत इंडियाना राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठाला, गॅरी आणि ईस्ट शिकागो अशी दोन शहरं आहेत, अगदी एकमेकांना लागून. दोन्ही पोलादाची, दोन्हीकडे भट्ट्या, दोन्हीकडे तोच धूर, आणि वाऱ्याला काही शहराची हद्द कळत नाही. तरीपण ईस्ट शिकागोने हवेच्या प्रदूषणावर कायदा केला १९४९ साली आणि गॅरीने केला थेट १९६२ साली. मधली १३ वर्षं गॅरीतल्या लोकांना काय खोकला येत नव्हता?

मॅथ्यू क्रेन्सन नावाचा एक राज्यशास्त्राचा अभ्यासक, त्याला हा १३ वर्षांचा फरक खटकला आणि १९७१ मध्ये त्याने त्यावर पुस्तकच लिहिलं. त्या काळात राज्यशास्त्रात एक पद्धत चालायची, सत्ता कुणाकडे आहे ते बघायचं असेल तर भांडणं बघा, निर्णय बघा, कोण जिंकलं ते मोजा. क्रेन्सन म्हणाला ठीक आहे, पण जिथे भांडण झालंच नाही तिथलं काय करायचं? गॅरी हे शहर वसवलंच मुळी यूएस स्टील कंपनीने, १९०६ मध्ये, आणि नाव दिलं कंपनीच्या चेअरमनचं. ईस्ट शिकागोत मात्र अनेक कंपन्या होत्या, कुणा एकाची गावावर तेवढी छाया नव्हती. क्रेन्सनला गॅरीत शोधून सापडलं ते असं की कंपनीने उघडपणे फारसं काहीच केलं नव्हतं. धमकी नाही, मोहीम नाही, कुणी विचारलं तर हो पण नाही आणि नाही पण नाही. कंपनीला काय वाटेल या नुसत्या अंदाजानेच लोक, नगरसेवक, पेपरवाले सगळे जपून होते. ओसरीवर सासरे नुसते बसलेले असले तरी माजघरातलं बोलणं हळू होतं ना, त्यांना खाकरायचीही गरज पडत नाही, तसं.

मला हे वाचताना माझं लहानपण आठवलं. आम्ही एका केमिकल झोनच्या अलीकडच्या वस्तीत राहायचो. रात्री दीड-दोनच्या सुमारास वास यायचा, कुजलेल्या अंड्यासारखा कधी, कधी नुसताच डोळ्यांना झोंबणारा, आणि आई उठून खिडक्या लावून घ्यायची. सगळ्या गल्लीत खिडक्या लागल्याचे आवाज यायचे एकामागून एक. सकाळी त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. प्रत्येक घरातलं एक माणूस तिथेच कुठेतरी कामाला होतं, माझे काकापण होते. कुणी गप्प बसा म्हणून सांगितलेलं मला तरी आठवत नाही, आणि तक्रार केलेलीही आठवत नाही.

पण क्रेन्सनच्या पुस्तकाचा मुख्य रोख कंपनी आणि शहराच्या राजकारणावर आहे आणि गॅरीतली एक मोठी गोष्ट त्याच्या मध्यभागी येत नाही, ती म्हणजे रंग. गॅरीतला धूर सगळ्यांवर सारखा पडत नव्हता. पोलादाच्या कारखान्यात सगळ्यात घाण आणि जीवघेणं काम म्हणजे कोक भट्टीचं, दगडी कोळसा भाजून कोक करायचा, त्यातून जे वायू आणि डांबराची वाफ निघते ती थेट कामगाराच्या तोंडावर, आणि हे काम मुख्यतः काळ्या कामगारांच्या वाट्याला यायचं. पेनसिल्व्हेनियातल्या पोलाद कामगारांवर ७० च्या दशकाच्या सुरुवातीला जे संशोधन आलं त्यात दिसलं की भट्टीच्या माथ्यावर ५ वर्षांपेक्षा जास्त काम केलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचं प्रमाण जवळपास १० पट होतं. अँड्र्यू हर्ली या इतिहासकाराने १९९५ मध्ये गॅरीवर सविस्तर लिहिलं, त्यात हे चित्र पूर्ण होतं. गोऱ्या मध्यमवर्गाला धूर नको झाला की ते उपनगरात घर घ्यायचे. काळ्या कुटुंबाकडे पैसे असले तरी त्या उपनगरात त्यांना घर मिळायचं नाही. म्हणजे गोऱ्या माणसाकडे प्रदूषणावर एक खाजगी उपाय होता, निघून जाणं, आणि ज्यांच्याकडे आवाज होता तेच निघून गेले की मागे राहिलेल्यांचा प्रश्न शहराचा प्रश्न कसा बनणार? १९६७ मध्ये रिचर्ड हॅचर गॅरीचे महापौर म्हणून निवडून आले, अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या पहिल्या काळ्या महापौरांपैकी एक. पण त्यांच्या हातात शहर आलं तेव्हा गोरी वस्ती आणि तिच्यामागून पैसा बाहेर चाललेलाच होता.

आणि ईस्ट शिकागो, ते कायदा लवकर करणारं शहर? तिथे शिसं शुद्ध करण्याचा जुना कारखाना होता, तो गेल्यावर त्याच जमिनीवर ७० च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्ट कॅल्युमेट नावाची सरकारी वसाहत बांधली. गरिबांसाठी, राहणारे बहुतेक काळे आणि लॅटिनो. २००९ मध्ये त्या सगळ्या परिसराला केंद्र सरकारच्या सर्वात दूषित जागांच्या यादीत टाकलं. लोकांना मात्र २०१६ च्या उन्हाळ्यात पत्रं आली की तुमच्या अंगणातल्या मातीत शिसं आणि आर्सेनिक आहे, घरं सोडा. हजारावर माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त लहान मुलं. ज्या मातीत ती मुलं खेळून मोठी झाली तीच माती. हे वाचल्यापासून मला ते अंगण डोळ्यासमोरून जात नाही. हवेचा कायदा १९४९ मध्ये करणाऱ्या शहराने जमिनीखालचा प्रश्न कित्येक वर्षं पटलावर येऊ दिला नाही, कारण त्या जमिनीवर कोण राहणार होतं ते आधीच ठरलं होतं.

तर माझं म्हणणं असं आहे, पर्यावरणाचं राजकारण हे वंश आणि जात बाजूला ठेवून समजतच नाही. आधी हवापाणी वाचवू, मग समता बघू, असं जे लोक मनापासून म्हणतात त्यांच्याशी मला भांडायचंय, कारण कुठलं हवापाणी वाचवायचं हे ठरवतानाच ती समतेची गोष्ट येऊन गेलेली असते.

यावर पहिला आक्षेप नेहमी येतो तो म्हणजे हा गरिबीचा प्रश्न आहे, उगाच वंश कशाला आणता. स्वस्त जमिनीवर कारखाना येतो, स्वस्त जमिनीवर गरीब राहतात, एवढंच. आक्षेप साधा नाहीये, नीट उत्तर द्यायला पाहिजे. १९८७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टने सगळ्या अमेरिकेचा डेटा काढला, विषारी कचऱ्याची विल्हेवाट लावायच्या जागा कुठे आहेत आणि शेजारी कोण राहतं, आणि त्यांना आढळलं की उत्पन्न, घरांच्या किमती या सगळ्यापेक्षा वंश हा जास्त ठळक धागा आहे. २००७ मध्ये परत हिशोब केला, अशा जागांपासून ३ किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांमध्ये ५६ टक्के लोक गोरे नसलेले. आता दुसरी बाजूही सांगतो. डेव्हिड कोनिस्की म्हणून राज्यशास्त्राचे अभ्यासक आहेत, त्यांनी वेगळी गोष्ट तपासली, सरकारी यंत्रणा प्रदूषण करणाऱ्यांवर कारवाई कुठे कमी करते. त्यांना गरिबीचा धागा स्पष्ट दिसला, वंशाचा तेवढा नाही. हे लपवायचं कारण नाही. म्हणजे कारखाना कुठे आला याचं उत्तर वेगळं निघू शकतं आणि इन्स्पेक्टर कुठे गेला नाही याचं वेगळं, आणि खरं संशोधन असंच असतं, सगळे आकडे एका ओळीत उभे राहत नाहीत. पण गरिबी आणि वंश हे दोन वेगळे डबे आहेत हे मात्र मला पटत नाही. तिकडची काळी गरिबी ही बनवलेली आहे. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे काढून काळ्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. २०२० मध्ये काही संशोधकांनी १०८ शहरांचं तापमान त्या जुन्या नकाशांवर ठेवून बघितलं तर लाल भाग बाकीच्यांपेक्षा सरासरी २.६ अंशांनी जास्त तापलेले होते. झाडं नाहीत, डांबर आणि काँक्रीट जास्त. जवळपास ९० वर्षांपूर्वीची एक रंगाची पेन्सिल आणि आज त्या गल्लीत म्हाताऱ्या माणसाला रात्री झोप लागत नाही.

आणि लोकच नंतर स्वस्त म्हणून तिथे राहायला गेले असतील, हे तर मी कित्येक ठिकाणी ऐकलंय. पॉल मोहाई आणि रॉबिन साहा यांनी २०१५ मध्ये हेच तपासलं, आधी कारखाना की आधी वस्ती. त्यांना आढळलं की बहुतेक करून गोरे नसलेल्यांची वस्ती आधी होती, किंवा गोरे तिथून निघायला लागलेले होते, आणि कचरा मग आला.

नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरन काउंटीचं उदाहरण सगळेच देतात म्हणून थोडक्यात सांगतो. १९७८ मध्ये पीसीबी नावाच्या विषारी रसायनाचं तेल रात्रीच्या वेळी टँकरमधून २०० हून जास्त मैल रस्त्याच्या कडेला सोडून दिलं, मग ती माती खरवडून पुरायला जागा निवडली ती काळ्या, गरीब लोकांच्या भागातली. १९८२ मध्ये लोक ट्रकसमोर रस्त्यावर आडवे झाले, ५०० वर अटका झाल्या. कचरा तरीही पुरला. पण पर्यावरणीय न्यायाच्या चळवळीची सुरुवात बहुतेक जण तिथूनच धरतात.

मला जास्त बोलायचंय ते दुसऱ्या गोष्टीवर. कुणाला पर्यावरणाची काळजी आहे असं आपण धरून चालतो? पर्यावरण म्हणजे पोट भरलेल्यांचं काम, हे वाक्य आपल्याकडे चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत ऐकू येतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका देशव्यापी सर्व्हेचे निष्कर्ष आले, त्यात लोकांना विचारलं की काळे, लॅटिनो, आशियाई, गरीब लोक पर्यावरणाबद्दल किती काळजी करतात असं तुम्हाला वाटतं, आणि मग त्या त्या लोकांची स्वतःची उत्तरं शेजारी ठेवली. लोकांचा अंदाज सपशेल चुकला. काळजी प्रत्यक्षात कितीतरी जास्त होती. आणि मला हलवून गेलेली गोष्ट ही की त्या समाजातले लोकही आपल्याच लोकांबद्दल तसाच कमी अंदाज करत होते. म्हणजे घरात मला काळजी आहे, पण माझ्या शेजाऱ्याला नसणार, मग सभेत मी एकटाच कशाला उठू. क्रेन्सनच्या गॅरीतली शांतता अशीच तयार होत असणार असं मला वाटतं. भीतीचा एक भाग असेल, पण बाजूचाही घुसमटतोय हे माहीतच नसणं हाही आहे.

उलट्या बाजूला सलिल बेनेगल या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाचा २०१८ मधला पेपर आहे. हवामान बदल खरा आहे का, माणसामुळे होतोय का, हा तसा थर्मामीटरचा प्रश्न. पण बेनेगल यांनी ओबामा निवडून येण्याआधीचे आणि नंतरचे सर्व्हे तपासले तर दिसलं की २००८ नंतर माणूस गोरा आहे की नाही यावरून त्याच्या हवामान काळजीचा अंदाज बांधता यायला लागला, आधी तसं नव्हतं. आणि ज्यांच्या मनात काळ्या लोकांबद्दल आकस जास्त, त्यांच्यात हवामान शास्त्रज्ञांचं न पटण्याचं प्रमाणही जास्त. पक्ष आणि विचारसरणी हिशोबात धरूनसुद्धा. यातून आकसामुळेच मत बदललं असं सिद्ध होत नाही, दोन गोष्टी सोबत चालतात एवढंच, पण ती सोबत २००८ नंतरच ठळक व्हावी हे मला दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही. हा आकस मोजायला जी विधानं वापरतात ती वाचा एकदा. त्यातलं एक साधारण असं, आयरिश, इटालियन, ज्यू लोकांनीही भेदभाव सोसला आणि स्वतःच्या मेहनतीवर वर आले, काळ्यांनीही तसंच करावं, खास सवलती कशाला. मराठी माणसाला हे वाक्य भाषांतर करून सांगावं लागतच नाही, लग्नाच्या पंगतीत ऐकलेलं असतं, फक्त त्यात आयरिशच्या जागी दुसरं कुणी असतं.

मायकल टेस्लर या अजून एका राज्यशास्त्रज्ञाने वंशाचा आकस दुसऱ्याच विषयात झिरपण्याचा हा प्रकार आधीच दाखवला होता, आरोग्य विम्याच्या बाबतीत. त्याचा एक प्रयोग तर कुत्र्यावरचा आहे. एकाच जातीच्या कुत्र्याचा फोटो दाखवला, काहींना सांगितलं हा ओबामांचा, काहींना सांगितलं हा टेड केनेडी या गोऱ्या सिनेटरचा, आणि आकस बाळगणाऱ्यांना ओबामांचा म्हणून सांगितलेला कुत्रा कमी आवडला. जिथे कुत्र्यापर्यंत हे पोचतं तिथे कार्बन टॅक्सपर्यंत पोचणार नाही का? म्हणून मला वाटतं, नुसतं विज्ञान समजावून सांगा, आलेख दाखवा, शाळेत प्रकल्प द्या, मग लोक सुधारतील, ही आपली आशा अपुरी आहे. आलेख ज्याच्या हातात आहे तो आपला की परका हे माणूस आधी बघतो.

मग लोकशाहीचं काय, मत तर सगळ्यांना आहे? इथे फ्लिंट आठवावं लागतं. मिशिगन राज्यातलं शहर, लाखाच्या आसपास लोकवस्ती, निम्म्याहून जास्त काळी. शहराची तिजोरी रिकामी झाली म्हणून राज्याने तिथे इमर्जन्सी मॅनेजर बसवले, म्हणजे निवडून आलेले महापौर आणि नगरसेवक नावाला, निर्णय राज्याने पाठवलेला माणूस घेणार. नोव्हेंबर २०१२ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी हा कायदा मतदानाने रद्द केला. पुढच्याच महिन्यात विधिमंडळाने तसाच नवा कायदा आणला आणि त्यात खर्चाची एक तरतूद घातली, कारण तिथल्या राज्यघटनेनुसार खर्चाची तरतूद असलेल्या कायद्यावर जनमत घेता येत नाही. एका टप्प्यावर, डेट्रॉइट धरून, राज्यातल्या जवळपास निम्म्या काळ्या लोकांची शहरं अशा मॅनेजरांच्या हाती होती. २५ एप्रिल २०१४ ला पैसे वाचवायला फ्लिंटचं पाणी नदीवरून घ्यायला सुरुवात झाली, पाइप गंजू नयेत म्हणून जे औषध घालावं लागतं ते घातलंच नाही, जुन्या पाइपमधलं शिसं पाण्यात उतरलं. लोक तांबडं पाणी बाटलीत भरून सभेला घेऊन यायचे. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने सांगितलं की या पाण्याने आमचे इंजिनाचे सुटे भाग गंजतात, आणि कंपनीला वेगळ्या पाण्याची सोय करून मिळाली. मुलांना ते पाणी अजून वर्षभर पाजलं गेलं. हे लिहिताना हात थांबतो. यंत्राचं गंजणं लगेच कळलं आणि आईचं सांगणं कुणालाच कळलं नाही.

मिशिगनच्या नागरी हक्क आयोगाने २०१७ मध्ये अहवाल दिला, त्यात याला व्यवस्थेतला वंशवाद म्हटलंय, आणि हेही म्हटलंय की निर्णय घेणारी माणसं वैयक्तिकरीत्या द्वेष्टी होती असा आमचा आरोप नाही. मला हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण कायद्याला नेमका दुष्ट माणूस लागतो. ह्यूस्टनमध्ये १९७९ मध्ये काळ्या वस्तीतल्या लोकांनी कचरा डेपोविरुद्ध केस केली, रॉबर्ट बुलार्ड या समाजशास्त्रज्ञाने त्यासाठी शहरभर फिरून नकाशा काढला, शहराच्या मालकीचे ५ च्या ५ कचरा डेपो काळ्या वस्त्यांमध्ये, आणि काळी लोकसंख्या होती साधारण २५ टक्के. केस हरले, कारण हेतू सिद्ध करता आला नाही. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने अजून घट्ट करून टाकलं, नुसता परिणाम विषम आहे एवढ्यावर सामान्य नागरिकाला केंद्राच्या नागरी हक्क कायद्याखालच्या नियमांचा आधार घेऊन कोर्टात जाता येणार नाही. आता गॅरीकडे परत बघा. यूएस स्टीलचा हेतू कुठल्या कागदावर सापडणार? ओसरीवर बसण्याचा पुरावा काय देणार?

१९९४ मध्ये क्लिंटन यांनी आदेश काढला होता की केंद्राच्या प्रत्येक खात्याने आपल्या निर्णयांचा अल्पसंख्याक वंशांच्या आणि गरीब वस्त्यांवर काय परिणाम होतो ते बघावं. आदेशच तो, कायदा नव्हे. बायडन सरकारने पुढे जाऊन काही योजनांचा ४० टक्के लाभ वंचित वस्त्यांना द्यायचं ठरवलं, पण त्या वस्त्या शोधायला २०२२ मध्ये जो नकाशा बनवला त्यात वंश हा निकषच ठेवला नाही, कोर्टात टिकणार नाही म्हणून. ज्या गोष्टीमुळे अन्याय झाला ती गोष्टच न मोजता अन्याय शोधायचा. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. आणि टिकलं तरी काय, जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी १९९४ चा तो आदेशच रद्द केला. जवळपास ३१ वर्षं सांभाळलेली गोष्ट एका सहीने गेली. लोकांना माहिती मिळायचे सरकारी नकाशेही वेबसाइटवरून उतरवले. मोजमाप काढून घेतलं की प्रश्न आपोआप दिसेनासा होतो, भांडणाची गरजच नाही.

हे सगळं अमेरिकेचं, आपला काय संबंध, असं कुणी विचारलं तर संबंध आपल्याकडच्यांनीच कधीचा जोडून ठेवलाय. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेब कोलंबियात शिकले, १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे पाठवलेल्या अर्जाची माहिती मागवली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नावासकट तिकडचं बघून. मग तिकडे पर्यावरणाच्या इतिहासात जी दुरुस्ती चाललीय ती आपण का घेत नाही?

ती दुरुस्ती म्हणजे काय ते सांगतो. तिथे आता मेम्फिसचा १९६८ चा संप पर्यावरणीय न्यायाच्या इतिहासात धरतात. पावसात आडोशाला कचऱ्याच्या गाडीत बसलेले दोन सफाई कामगार यंत्राने चिरडून मेले, १३०० कामगार संपावर गेले, मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्यासाठी तिथे गेले आणि तिथेच त्यांना मारलं. शहराची घाण कुणाच्या अंगावर टाकायची हा जर पर्यावरणाचा प्रश्न नसेल तर कुठला आहे? तसंच महाड. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले केले, बोले ठराव, महाडच्या नगरपालिकेनेही नंतर चवदार तळं कागदावर खुलं केलं. पण कागदाच्या जोरावर तळ्यात हात घालायची कुणाची हिंमत होत नव्हती, ती २० मार्च १९२७ ला झाली, आणि नंतर १०८ घागरी पाणी काढून गोमूत्र-शेण घालून तळं शुद्ध केलं गेलं. आपल्या पर्यावरणाच्या इतिहासात चिपको असतं, सायलेंट व्हॅली असते, नर्मदा असते, सगळं असावंच, पण पाणी कुणाचं हा प्रश्न इतक्या उघडपणे विचारणारं महाड मला कुठल्या पर्यावरणाच्या शालेय धड्यात भेटलेलं नाही.

आणि माहुल. मुंबईत तानसा पाइपलाइनच्या कडेची घरं पाडून हजारो लोकांना रिफायनऱ्यांना लागून असलेल्या इमारतींमध्ये पाठवलं, तेही राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच इथल्या हवेने लोकांच्या आरोग्याला धोका आहे असं म्हणून ठेवल्यावर. तक्रार मुळात तिथल्या गावकऱ्यांनी केलेली. लोक भांडले, आंदोलनाला बसले, एप्रिल २०१९ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की यांना दुसरीकडे राहायला महिना १५,००० रुपये भाडं द्या. २०२० मध्ये लवादाने तेल कंपन्या आणि केमिकल साठवणाऱ्या कंपन्यांना मिळून २८६ कोटींचा दंड लावला. हे सगळं रेकॉर्डवर आहे. पण त्या इमारतींमध्ये पाठवलेली कुटुंबं कुठल्या जातींची होती, किती दलित, किती भटके, किती मुसलमान, हे त्या सगळ्या चर्चेत जवळपास कुठेच येत नाही. गरीब म्हटलं की संपलं.

आपल्याकडे हवेचा आकडा रोज मोबाईलवर येतो, ३१०, ३५०, लाल रंगात. त्या लाल रंगात कोण राहतं ते येत नाही. प्रदूषण मंडळाच्या अहवालात नायट्रोजन ऑक्साइड असतो, माणूस नसतो. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या त्या चर्चने काय केलं शेवटी, जनगणनेचा डेटा घेतला आणि कचऱ्याच्या जागांच्या नकाशावर ठेवला. कुठली प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही. आपल्याला ते करता येत नव्हतं कारण अनुसूचित जाती-जमाती सोडल्या तर स्वतंत्र भारताच्या जनगणनेत जात मोजलीच गेली नव्हती. आता २०२७ च्या जनगणनेत सगळ्या जाती मोजणार असं सरकारने जाहीर केलंय. त्यावर जी चर्चा होतेय ती सगळी आरक्षणाची टक्केवारी आणि मतदारसंघ याभोवती चाललीय. मला त्यातून एक साधी गोष्ट हवीय, आणि ती आत्तापासून मागायला पाहिजे, आकडे येताना जिल्हा आणि तालुक्यावर थांबू नयेत, शहरात प्रभागापर्यंत, खेड्यात वस्तीपर्यंत यावेत, व्यक्तीचं नाव न उघडता. मग देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराभोवती, माहुलच्या टाक्यांभोवती, चंद्रपूरच्या वीज केंद्राभोवती, तारापूर, लोटे, महाड एमआयडीसीभोवती ३ किलोमीटरचं वर्तुळ कॉलेजातली पोरंसुद्धा लॅपटॉपवर काढू शकतील. आमच्या त्या जुन्या गल्लीभोवतीही मी काढणार आहे. रात्री खिडक्या लावणारी ती सगळी घरं कुणाची होती ते मला तोंडपाठ आहे, पण मला ते आकड्यात, सरकारी शिक्क्यासकट हवंय, पुढच्या जनसुनावणीत कलेक्टरांसमोर ठेवायला.